कागद, संगणक आणि भाषेची परीक्षा

तुळजापूर तालुक्यातील जळकोटसारख्या गावातून मराठी घेऊन एम. ए. होणाऱ्या विद्यार्थ्यासमोर प्राध्यापकपदाच्या पात्रतेसाठी 'नेट' आणि 'सेट' या दोन परीक्षा असतात. 'नेट' डिसेंबर २०१८ पासून संगणकावर होऊ लागली. जून २०२४ मध्ये ती कागदावर घेतली गेली, पण दुसऱ्याच दिवशी रद्द होऊन पुढे संगणकावर पुन्हा झाली. जून २०२५ ची 'सेट' मात्र कागदावरच झाली. दोहोंचा आराखडा एकच आहे : १५० वस्तुनिष्ठ प्रश्न, ३०० गुण, तीन तास. त्यामुळे माध्यमांची तुलना येथे सहज करता येते.

कागदावर उताऱ्यातील ओळ अधोरेखित करता येते, पाने मागेपुढे चाळता येतात. परंतु एकदा रंगवलेले वर्तुळ बदलता येत नाही. संगणकावर उत्तर बदलता येते. परंतु दीर्घ उतारा एका दृष्टिक्षेपात येत नाही. हे भेद सोयीचे आहेत. दोन्हीकडे विद्यार्थी दिलेल्या चार पर्यायांतून एक निवडतो. स्वतःचे वाक्य कोठेही लिहीत नाही.

या दृष्टीने पाहता निर्णायक बदल २०१८ चा नसून २०१२ चा ठरतो. त्या वर्षी जूनपासून 'नेट'ची तिसरी, वर्णनात्मक पत्रिका वस्तुनिष्ठ झाली. कवितेचे विवेचन करणे आणि कवीचे नाव ओळखणे ही भिन्न कौशल्ये आहेत. भाषेच्या भावी अध्यापकाची परीक्षा लेखनावाचून पूर्ण होते काय, हा खरा प्रश्न आहे.

लेखन परत आणावयाचे ठरल्यास मात्र माध्यमाचा प्रश्न गंभीर होतो. 'कर्म' हा शब्द हाताने लिहिताना 'म' काढून त्यावर रफार देतात. इनस्क्रिप्ट कळफलकावर आधी 'र', मग हलन्त आणि शेवटी 'म' दाबावा लागतो. हा सराव नसलेल्याचे विचार पक्के असूनही उत्तर अपुरे राहील. तेव्हा गुण मराठीला मिळतील की बोटांच्या सवयीला? परीक्षेने जे मोजावयाचे तेच मोजले पाहिजे, या तत्त्वालाच तेथे बाधा येते.

म्हणून वर्णनात्मक पत्रिकेत माध्यम निवडण्याची मुभा असावी आणि एम. ए.च्या पहिल्याच वर्षी देवनागरी टंकलेखनाचा सराव द्यावा. कागद की संगणक हा वाद त्यानंतरचा. आधी विद्यार्थ्याला लिहिते केले पाहिजे.