रानअळंबीची ओळख : सचित्र पुस्तकाचा उपयोग आणि मर्यादा

पावसाळा सुरू झाला, की वारुळांच्या माथ्यावर, कुजलेल्या पेंढ्यात, गायरानात आणि झाडांच्या बुंध्यांशी रातोरात छत्र्या उगवतात. कोकणात त्यांना अळंबी म्हणतात. पूर्व विदर्भात वारुळावरील अळंबी 'सात्या' या नावाने ओळखली जाते, तर जी खाण्याजोगी नाही असे वाटते, ती बहुतेक ठिकाणी कुत्र्याची छत्री ठरते. या दिवसांत आठवडेबाजारात अळंबी विकून अनेक कुटुंबांना चार पैसे मिळतात. त्यामुळे 'रानातली अळंबी खाऊच नये' हा उपदेश सोपा असला, तरी जेथे ती पिढ्यान्‌पिढ्या खाल्ली जाते तेथे तो फारसा मानला जात नाही. अशा वेळी शिक्षक, ग्रामसेवक किंवा आरोग्यसेवक यांच्या हाती एखादे सचित्र पुस्तक असते, आणि चित्राशी जुळणारी अळंबी खाण्यास हरकत नाही ना, असा प्रश्न त्यांना विचारला जातो.

या प्रश्नाचे एक उत्तर अमेरिकेतील एका खटल्यात सापडते. जानेवारी १९८८ मध्ये दोन व्यक्तींनी 'द एन्सायक्लोपीडिया ऑफ मशरूम्स' या सचित्र ग्रंथाच्या आधारे रानातील अळंबी गोळा करून खाल्ली. दोघांच्याही जिवावर बेतले व दोघांवरही यकृत-प्रत्यारोपणाची शस्त्रक्रिया करावी लागली. त्यांनी प्रकाशकावर दावा लावला. परंतु पुस्तकातील मजकुराच्या अचूकतेची तपासणी करणे हे प्रकाशकाचे कर्तव्य नव्हे, असा निर्णय तेथील अपील न्यायालयाने १९९१ मध्ये दिला. पुस्तक वाचून खाणाऱ्याची जबाबदारी अखेर त्याच्यावरच राहिली.

याचा अर्थ अशी पुस्तके निरुपयोगी आहेत असा नव्हे. रॉजर फिलिप्स यांचे ब्रिटन व युरोपातील अळंबीवरील पुस्तक १९८१ मध्ये प्रसिद्ध झाले. त्यात एकाच जातीचे कोवळे, पूर्ण उमललेले आणि उभे चिरलेले असे निरनिराळे नमुने शेजारी शेजारी मांडून त्यांची छायाचित्रे दिली आहेत. चांगल्या मार्गदर्शिकेची हीच खूण होय. ज्या पुस्तकात प्रत्येक जातीचे एकच देखणे चित्र असते, ते अभ्यासासाठी फारसे कामाचे नाही. कारण सकाळी अंड्यासारखी दिसणारी अळंबी संध्याकाळी ओळखू येत नाही, आणि पावसाने छत्रावरचे खवले धुऊन गेले म्हणजे जाणकारही अडखळतो. भ्रमणध्वनीवर छायाचित्र जुळवून नाव सांगणाऱ्या आजच्या सोयींनाही हाच आक्षेप लागू पडतो. छत्राचा वरचा भाग त्यांना दिसतो. जमिनीखालचा दिसत नाही.

ओळखीचा निम्मा पुरावा तर जमिनीखालीच असतो. म्हणून अभ्यासासाठी अळंबी उपटू नये, खुरप्याने बुडापासून खणून काढावी. वारुळावरची अळंबी, म्हणजे टर्मिटोमायसीस या प्रजातीतील जाती, खणल्यास तिचा दांडा मुळासारखा निमुळता होत वाळवीच्या वसाहतीपर्यंत खोल गेलेला आढळतो. वाळवी आपल्या घरट्यात हे कवक स्वतःच पोसते. याउलट गवताळ जागी उगवणारी क्लोरोफायलम मॉलिब्डायटीस ही विषारी जाती तशीच पांढरी व मोठी असते, पण तिचा दांडा बुडाशी फुगीर होऊन संपतो आणि त्यावर बहुधा वर-खाली सरकणारे वलय असते. छत्राखालचे पातळ पडदे कोवळेपणी पांढरे व पुढे हिरवट होतात. घाईने वरचेवर खुडणाऱ्याला हे भेद दिसत नाहीत.

दुसरी जोडी अधिक घातक आहे. भाताच्या पेंढ्यावर वाढणारी व्होल्व्हेरिएला ही खाद्य अळंबी कोवळेपणी एका पिशवीत असते, व छत्र वर आल्यावर तिचे अवशेष पेल्यासारखे बुडाशी राहतात. अमॅनिटा प्रजातीतील 'डेथ कॅप' या प्राणघातक अळंबीलाही नेमका असाच पेला असतो. आग्नेय आशियातून अमेरिकेत गेलेल्या काही स्थलांतरितांनी मायदेशची ओळखीची अळंबी समजून हीच खाल्ली. त्यांचे ज्ञान खोटे नव्हते. ते दुसऱ्या भूमीचे होते. परदेशी पुस्तक आपल्या रानात वापरताना चूक होते ती याच्या उलट दिशेने, इतकेच.

अशा जोड्या वेगळ्या करण्यास बीजुकांचा ठसा फार उपयोगी पडतो, आणि तो कोणत्याही शाळेत घेता येतो. उमललेल्या अळंबीचे छत्र दांड्यापासून कापून, अर्ध्या पांढऱ्या व अर्ध्या काळ्या कागदावर पडद्यांची बाजू खाली करून ठेवावे व वर वाटी पालथी घालावी. सकाळी कागदावर बारीक भुकटीची नक्षी उमटलेली दिसते. अमॅनिटाचा ठसा पांढरा, व्होल्व्हेरिएला व टर्मिटोमायसीसचा गुलाबीसर, क्लोरोफायलमचा हिरवट. मात्र गुलाबी ठसा म्हणजे निर्धोक अळंबी असे समजू नये. एन्टोलोमा प्रजातीतील विषारी जातींचा ठसाही गुलाबीच असतो. पुस्तकाने किंवा ठशाने नकार दिला, तर तो निर्णायक मानावा. होकार दिला, तर तो केवळ पुढील तपासणीचा आरंभ मानावा. चांदीचे नाणे काळे पडणे, लसूण रंग बदलणे किंवा अळंबीला किडे लागलेले असणे, या परीक्षांना तर कसलाच आधार नाही.

महाराष्ट्रापुरते बोलावयाचे, तर पुण्याच्या महाराष्ट्र असोसिएशन फॉर द कल्टिव्हेशन ऑफ सायन्स या संस्थेने १९८७ मध्ये राज्यातील कवकांचा मोठा ग्रंथ प्रसिद्ध केला. ही संस्था आज आघारकर संशोधन संस्था म्हणून ओळखली जाते. तो ग्रंथ तज्ज्ञांसाठी आहे. गावपातळीवर वापरता येईल अशा मराठी, सचित्र आणि स्थानिक नावांसह असलेल्या पुस्तिकेची गरज त्याने भागत नाही.

विषबाधेत वेळेला फार महत्त्व आहे. एप्रिल २०२२ मध्ये आसामातील दिब्रुगडच्या वैद्यकीय महाविद्यालयात रानअळंबी खाल्लेल्या १३ जणांचा मृत्यू झाला; त्यांत चहामळ्यांतील कुटुंबांचा भरणा होता. क्लोरोफायलमची बाधा साधारणतः १ ते ३ तासांत उलट्यांनी प्रकट होते. अमॅनिटातील विष मात्र ६ ते १२ तास, कधी त्याहूनही अधिक काळ मुकाट असते. शिजवून वा वाळवून ते नष्ट होत नाही. उलट्या-जुलाब झाल्यानंतर दुसऱ्या दिवशी रुग्णाला बरे वाटू लागते, घरची मंडळी निश्चिंत होतात, आणि त्याच सुमारास यकृत निकामी होत असते. म्हणून उशिरा सुरू झालेला त्रास अधिक गंभीर समजावा, आणि मधल्या उताराला न भुलता रुग्णाला मोठ्या रुग्णालयात हलवावे. त्रास लवकर सुरू झाला म्हणून धोका टळला, असेही नाही. एकाच टोपलीत दोन-तीन जाती असू शकतात.

रुग्णाबरोबर उरलेली अळंबी, शिजवलेली भाजी व निवडताना टाकलेली देठेसुद्धा पाठवावीत. ती प्लॅस्टिकच्या पिशवीत लवकर कुजतात, म्हणून कच्चे नमुने कागदात गुंडाळावेत. त्यावर खाण्याची वेळ, पहिल्या उलटीची वेळ आणि अळंबी कोठे उगवली होती ते लिहावे. एकाच ताटातून जेवलेल्या, पण अद्याप काहीही होत नसलेल्या मंडळींनाही त्याच गाडीत बसवावे.