लग्नाआधी बसून हिशेब करा

बुरूज बांधू इच्छिणाऱ्याने आधी बसून खर्चाचा अंदाज करावा, असे प्रभूने शिकविले (लूक 14:28). लग्नाचा मांडव घालणाऱ्यासही हाच धडा लागू आहे.

लग्नास अवश्य ते किती थोडे, हे पाहा. 1872 च्या ख्रिस्ती विवाह कायद्यान्वये अधिकृत पाळक विधी चालवितो, तेव्हा त्याच्याखेरीज दोन विश्वासू साक्षीदार हजर असले म्हणजे पुरे. वाजंत्री व पंगती कायदा मागत नाही; देवही मागत नाही.

उलट कर्जाचा हिशेब पाहा. 50,000 रुपये दरमहा शेकडा 3 व्याजाने काढले, तर तीन वर्षांत नुसते व्याजच 54,000 होते, आणि मुद्दल जसेच्या तसे उभे राहते!

यास्तव आम्ही सुचवितो की, प्रथम हाती असलेली रक्कम कागदावर लिहावी. मग वधूवरांस मनापासून काय आवडते ते विचारावे. कोणास सुरेल भजन हवे असेल, कोणास आजीच्या हातची पुरणपोळी. तेवढे नीट करावे. बाकीचे निःसंकोच सोडावे. लोकांचे बोलणे चार दिवसांचे. सावकाराचा तगादा मात्र नव्या संसाराच्या दारात वर्षानुवर्षे बसतो.

विचार करा : आपल्या घरच्या लग्नात कोणता खर्च केवळ लोकलज्जेस्तव झाला?