प्रार्थनेचा व्हिडिओ आणि कायद्याची कात्री

प्रश्न : आमच्या प्रार्थनासभेचे व्हिडिओ सरकार इंटरनेटवरून बंद करू शकते का? – एक वाचक, कुरखेडा

उत्तर : केवळ ख्रिस्ती प्रार्थना आहे म्हणून, नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या कलम ६९-अ मध्ये मजकूर रोखण्याची कारणे मोजकीच आहेत : देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था वगैरे. पालघरच्या दोन तरुणींना २०१२ मध्ये फेसबुकवरच्या मजकुरावरून अटक झाली, तेव्हा लावलेले याच कायद्याचे ६६-अ कलम सर्वोच्च न्यायालयाने २०१५ मध्ये रद्दच केले. मग धास्ती कशाची, असे कोणी म्हणेल. माझ्या मते गुप्ततेची : मजकूर रोखण्याच्या २००९ च्या नियमांनुसार तक्रार आणि कारवाई दोन्ही गोपनीय. आदेशच हाती नसेल तर दाद कशाविरुद्ध मागायची? अर्थात सर्वोच्च न्यायालयाच्या १९७७ च्या स्टॅनिस्लॉस निकालानुसार धर्मप्रसाराच्या हक्कात दुसऱ्याचे धर्मांतर घडवण्याचा हक्क येत नाही, हेही ध्यानात असू द्या. व्हिडिओ उडालाच तर आधी कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. तिथे भागले नाही तर उच्च न्यायालयाचे नागपूर खंडपीठ आहे.