आधी मूळ पेपर उघडा, मग आकडा टाका

मुलांनो, पेपर लिहायला बसाल तेव्हा रेफरन्सचं काम शेवटच्या रात्रीवर टाकू नका. वाक्य लिहिलं की त्याचा संदर्भ तिथेच जोडा. सगळा मजकूर लिहून झाल्यावर वाक्याला साजेसा पेपर शोधायला निघालं, की माणूस आपल्या मताला दुजोरा देणारंच शोधतो आणि त्याला ते सापडतंही. ज्या लिखाणावर उद्या कुणाच्या तरी औषधाचा डोस ठरणार आहे, तिथे हे चालणार नाही.

आपण वापरतो ती पद्धत कुठून आली, हे ठाऊक असू द्या. १९७८ मध्ये कॅनडातल्या व्हँकुव्हरला काही वैद्यकीय नियतकालिकांचे संपादक जमले आणि हस्तलिखित कसं असावं याचे सामाईक नियम त्यांनी ठरवले. पुढच्या वर्षी ते प्रसिद्ध झाले. त्यातला संदर्भांचा साचा अमेरिकेच्या नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिननं घडवलेला होता. तोच गट आज आयसीएमजेई म्हणून ओळखला जातो. मजकुरात संदर्भ ज्या क्रमानं येतील त्या क्रमानं आकडे, आणि तोच संदर्भ पुन्हा आला तर तोच आकडा, हा या पद्धतीचा कणा.

साचा पाठ करण्यापेक्षा एक चांगला संदर्भ डोळ्यांसमोर ठेवा. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर आणि डॉ. प्रमोदिनी बावस्कर यांनी विंचूदंशावर केलेली चाचणी बीएमजेत आली. प्राझोसिनसोबत प्रतिविष दिलं तर नुसत्या प्राझोसिनपेक्षा फायदा होतो का, हे त्यांनी तपासलं. तिचा संदर्भ लिहिताना ‘बावस्कर एचएस, बावस्कर पीएच’ अशी सुरुवात होते. आडनाव आधी, मग आद्याक्षरं. आद्याक्षरांत टिंब नाही, आडनावापुढे स्वल्पविराम नाही. आडनाव दोघांचं एकच, म्हणून आद्याक्षरं गाळलीत तर कोण कोणतं ते कळणार नाही. मग शीर्षक, मग ‘बीएमजे. २०११;३४२:सी७१३६’. वर्षानंतर अर्धविराम, खंडानंतर अपूर्णविराम, मध्ये जागा नाही. शेवटचा ‘सी७१३६’ हा लेखाचा क्रमांक आहे. पानांचे आकडे दिसले नाहीत म्हणून कुणी तिथे पीडीएफची ‘१-७’ अशी पानं घालतं. तसं करू नका, त्या आकड्यांवरून पुढच्या वाचकाला लेख सापडत नाही.

नियतकालिकांची संक्षिप्त नावं अंदाजानं घालू नका, नॅशनल लायब्ररी ऑफ मेडिसिनच्या कॅटलॉगमध्ये बघा. एकशब्दी नावाचा संक्षेप होत नाही; डॉ. हिंमतराव बावस्करांचा १९८२ चा लेख ज्यात आला ते लॅन्सेट तुमच्या यादीतही लॅन्सेटच राहतं. याउलट बीएमजेचेच १९८१ ते १९८८ मधले लेख ‘ब्र मेड जे (क्लिन रेस एड)’ या नावाखाली नोंदलेले आहेत. नियतकालिक लेख छापताना ज्या नावानं निघत होतं, तेच नाव द्यायचं.

लेखक सहापेक्षा जास्त असतील तर आयसीएमजेईच्या नमुन्यात पहिली सहा नावं आणि पुढे ‘एट अल’. जामा मात्र अशा वेळी पहिली तीनच मागतं. म्हणून ज्या नियतकालिकाकडे पाठवायचंय त्याच्या लेखकांसाठीच्या सूचना आधी वाचा, आणि त्याच्या ताज्या अंकातला एक लेख शेजारी उघडा ठेवा. आकडा कंसात की वर चढवून, पूर्णविरामाच्या आधी की नंतर, हे सगळं तिथे दिसतं.

एक नियम बहुतेकांच्या नजरेतून सुटतो. एखादा संदर्भ फक्त तक्त्यातच असेल, तर मजकुरात त्या तक्त्याचा पहिला उल्लेख जिथे येतो तिथला क्रम त्याला मिळतो. ‘तक्ता १’ दहाव्या संदर्भानंतर आला, तर तक्त्यातला नवा संदर्भ अकरावा. तक्ते फाइलच्या शेवटी असतात म्हणून त्यांना शेवटचे आकडे देऊ नका.

संदर्भ सांभाळणारं झोटेरो हे सॉफ्टवेअर फुकट मिळतं, ते पहिल्या वर्षापासून वापरा. पण आयात झालेली प्रत्येक नोंद नजरेखालून घाला. आपल्याकडची नावं तिथे हमखास उलटीपालटी होतात. वडिलांचं नाव आडनाव होऊन बसतं, आणि दक्षिणेकडच्या ज्या नावांत आडनाव नसतंच त्यांची तर फारच ओढाताण होते. तुमचं स्वतःचं नाव कसं छापायचं हेही पहिल्या पेपरलाच ठरवा आणि ओर्किड क्रमांक काढून ठेवा. मुलींनो, लग्नानंतर नाव बदललं तरी तो क्रमांक तुमचं सगळं काम एकत्र ठेवतो.

आता सगळ्यात महत्त्वाचं. १९८० मध्ये न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये पोर्टर आणि जिक यांचं एक पत्र आलं. वाक्यं जेमतेम पाच. रुग्णालयात दाखल असताना अफूजन्य वेदनाशामकं मिळालेल्या रुग्णांत व्यसन क्वचितच लागलेलं आढळलं, एवढंच त्यात होतं. घरी नेऊन महिनोन्‌महिने गोळ्या घेणाऱ्यांबद्दल एक अक्षर नव्हतं. तरीही या औषधांची सवय लागत नाही याचा पुरावा म्हणून ते पत्र फिरत राहिलं. २०१७ मध्ये त्याच नियतकालिकात कॅनडातल्या संशोधकांनी हिशेब मांडला: ६०८ ठिकाणी उल्लेख, त्यातल्या ४३९ ठिकाणी व्यसन दुर्मीळ असल्याचा पुरावा म्हणून, आणि ४९१ ठिकाणी लेखकांनी हे रुग्ण रुग्णालयात दाखल होते हे सांगितलंच नाही. उत्तर अमेरिकेत या औषधांच्या व्यसनानं जो हाहाकार माजला, त्याला अशा उल्लेखांनी हातभार लावला असं त्यांनी लिहिलं. पाच वाक्यं वाचायला एक मिनिट पुरलं असतं. मला याचा आजही संताप येतो. या उल्लेखांचे स्वल्पविराम सगळे जागच्या जागी असतील, पण त्यानं कुणाचा जीव वाचला नाही.

म्हणून रिव्ह्यूमधून संदर्भ उचलून मूळ पेपर वाचल्यासारखं भासवू नका. रिव्ह्यूच वाचला असेल तर रिव्ह्यूचाच संदर्भ द्या. मूळ लेख मागे घेतला गेलाय का तेही पाहा. हायड्रॉक्सिक्लोरोक्विनवरचा लॅन्सेटमधला लेख २२ मे २०२० ला छापला गेला आणि ४ जूनला मागे घेतला गेला. मधल्या दोन आठवड्यांत ज्यांनी तो उतरवून घेतला, त्यांच्या संगणकात तो अजून तसाच असेल. पबमेडवर अशा लेखाच्या माथ्यावर स्पष्ट सूचना असते.

चॅटबॉटनं दिलेला संदर्भ पबमेडवर सापडेपर्यंत नाहीच असं समजा. लेखक खरे, नियतकालिक खरं आणि लेख मात्र कधी लिहिलाच गेला नाही, असे संदर्भ ही यंत्रं बेमालूम तयार करतात. डीओआय असेल तर त्यावर टिचकी मारून नेमका तोच लेख उघडतो का ते बघा.

पेपर पाठवण्याआधी सहलेखकाला शेजारी बसवा. एकानं आपलं वाक्य मोठ्यानं वाचावं, दुसऱ्यानं मूळ लेखातली त्याला आधार देणारी ओळ बोट ठेवून दाखवावी. ओळ सापडली नाही तर वाक्य बदला किंवा काढून टाका. चाळीस संदर्भांना एक अख्खी दुपार लागेल, ती कृपा करून काढाच.