भोळा, भाबडा आणि हलक्या कानाचा

हे तीन शब्द समानार्थी नव्हेत. भोळ्याच्या मनी कपट नसते, म्हणून तो दुसऱ्यातही ते शोधीत नाही. भाबडा परीक्षेवाचून विश्वासतो. हलक्या कानाचा ज्याचे शेवटी ऐकतो, त्याचाच होतो.

एटापल्लीच्या अरण्यातील माडिया गोंडांस 'भोळे' म्हणण्याचा नागर जनांचा प्रघात आहे. परंतु मिठाच्या मोबदल्यात मोलाची चारोळी नेणाऱ्या व्यापाऱ्याचा दोष या शब्दाआड झाकला जातो. याच गडचिरोली जिल्ह्यातील मेंढा (लेखा) या गोंड गावाने अभ्यासगटात विचार करून, सर्वसहमतीने निर्णय घेत, २००९ साली सामूहिक वनहक्क मिळविला. हा भाबडेपणा नव्हे, विवेक होय.

यास्तव कोणास 'भोळा' म्हणण्यापूर्वी, तो फसला की त्यास फसविले, हे आधी पाहावे.