शिसं वितळवायला बसण्यापूर्वी

दाभोळ खाडीच्या काठावर हौसेने पाग, म्हणजे हाताने फेकायचं गोल जाळं, टाकणारी तरुण मुलं अलीकडे बरीच दिसतात. नोकरी मुंबई-पुण्याला, पण मे महिन्यात किंवा गणपतीला गावी आली की भरती-ओहोटीची वेळ बघून जाळं घेऊन बाहेर पडतात. मला त्याचा मनापासून आनंद आहे. त्यातलेच काही जण मग घरी येतात आणि विचारतात, ‘काका, पागाच्या गोळ्या घरीच ओतायच्या म्हणतोय. दाखवाल का?’ मी दाखवतो. पण चूल पेटवण्याआधी त्यांना ओट्यावर बसवून जे सांगतो, तेच इथे लिहितो आहे. शिसं ओतणं सोपं आहे, कुणालाही एका दुपारी जमतं. ते घरात येऊ न देणं मात्र शिकावं लागतं, आणि ते शिकवायला सहसा कुणी बसत नाही.

पागाचा घेर पाण्यावर गोल पडला पाहिजे आणि कड सगळीकडून एकदम तळाला गेली पाहिजे, नाहीतर बोयटांसारखे मासे खालून निसटतात. त्यासाठी कडेला वजन ओवतात. शिसं पाण्याच्या सव्वाअकरा पट जड, लोखंड आठ पटही नाही. म्हणून लहानशी गोळीही काम करते. शिवाय शिसं 327 अंश सेल्सियसला वितळतं. त्याला भाता लागत नाही, भट्टी लागत नाही, लाकडाची चूल पुरते. धोक्याची सुरुवात इथेच होते. जे चुलीवर वितळतं, ते माणसाला स्वयंपाकासारखं वाटू लागतं. मग कढई घरातली, पळी घरातली आणि आजूबाजूला घरातलीच मुलं.

पहिली गोष्ट पाण्याची. आमच्या शेजाऱ्यांकडे एकदा फाटक्या पागाच्या जुन्या गोळ्या पुन्हा ओतायचं काम चालू होतं. गोळ्या उन्हात वाळवलेल्या होत्या, हाताला अगदी कोरड्या लागत होत्या. पण दोरा ओवायच्या भोकात मिठाचा खडा धरलेला असतो आणि त्याच्याआड ओल टिकून राहते. कढईतलं शिसं वितळल्यावर वरून त्या मूठभर गोळ्या टाकल्या आणि फट्कन आवाज होऊन अर्धी कढई हवेत उडाली. पाण्याच्या थेंबाची वाफ झाली की ती सोळाशे पटींहून जास्त जागा मागते. वितळलेल्या शिशाखाली तिला जागा मिळाली नाही, की ती शिशालाच वर फेकते. शेजाऱ्यांच्या हातावर आणि मानेवर शिशाचे थेंब पडले. चश्मा होता म्हणून डोळे वाचले. हातावरचे डाग आजही आहेत.

त्यावरून धरायचा नियम एकच. जुना माल थंड कढईत, आच लावण्याआधी घालायचा, म्हणजे तापता तापता ओल निघून जाते. वितळलेल्या शिशात नंतर काहीही टाकायचं नाही. भर घालायचीच असेल तर कढई उतरवून, शिसं गोठू देऊन मग घाला. पळी आणि साचा आधी चुलीच्या कडेला चांगले तापवून घ्या, कारण थंड लोखंडावरही ओल धरलेली असते. मातीचा साचा नुसता वाळलेला चालत नाही, तो भाजलेलाच हवा. आभाळ भरून आलं असेल तर त्या दिवशी चूल पेटवूच नका. जवळपास पाण्याची बादली, शहाळं, चहाचा कप काही नको.

शेजाऱ्यांची जखम दिसणारी होती आणि ती भरली. दुसरी गोष्ट न दिसणारी आहे. मला तिचीच जास्त भीती वाटते.

माझ्या चुलतभावाकडे जाळी विणायचं आणि गोळ्या ओतायचं काम दोन पिढ्यांचं. मागीलदारी ओतायचं, गोळ्या सुपात घालून ओटीवर आणायच्या, कानशीने त्यांची कड साफ करायची आणि जाळ्यात ओवायच्या. नातू तेव्हा तीन वर्षांचा होता आणि आजोबांना सोडत नसे. त्याचं पोट दुखायला लागलं. शौचाला होईना, अंगावर फिकटपणा आला, हसरं पोर किरकिरं झालं. जंताचं औषध झालं, दृष्ट काढून झाली, रक्तवाढीचं औषध झालं. शेवटी एका डॉक्टरांनी विचारलं, ‘घरात काय काम चालतं?’ वहिनी म्हणाली, ‘काही नाही हो, आमच्याकडे जाळी विणतात.’ डॉक्टरांनी पुढचा प्रश्न विचारला, ‘जाळ्याला वजन कसलं लावता?’ तेव्हा कुठे रक्तातलं शिसं तपासलं गेलं. ते डेसिलिटरमागे तीस मायक्रोग्रॅमच्या वर निघालं. जागतिक आरोग्य संघटना पाच मायक्रोग्रॅमलाच शिशाचा स्रोत शोधून तो तोडायला सांगते आणि त्याखालीही कुठली पातळी निर्धोक मानत नाही.

शरीरातून शिसं ओढून काढणारी औषधं आहेत, पण ती साधारण पंचेचाळीसच्या वर गेल्यावर देतात. त्याखाली उपाय हाच की शिसं थांबवायचं, लोह-कॅल्शियम नीट पोटात जाईल असं पाहायचं आणि पुन्हा पुन्हा रक्त तपासायचं. घर धुऊन काढलं, ओटी नव्याने सारवली, काम घरापासून दूर नेलं, तसा आकडा उतरत गेला. पण हाडांत गेलेलं शिसं वर्षानुवर्षं तिथेच राहतं, आणि वाढत्या मेंदूचं झालेलं नुकसान औषधाने भरून येत नाही.

लोक धुराला घाबरतात. धूर वाईटच, पण चुलीवरच्या शिशाची खरी वाट तोंडातून आहे. वितळलेल्या शिशावर जी राखाडी मळी धरते, ती बहुतांशी शिशाचा गंज असते. तिची भुकटी बोटांना, कपड्यांना, केसांना लागते. कानशीचा कीस जमिनीवर पडतो. त्याच जमिनीवर मूल बसतं आणि त्याच हाताने लाडू खातं. पोटात गेलेल्या शिशातला जो वाटा मोठ्या माणसाचं शरीर शोषून घेतं, त्याच्या चार-पाच पट वाटा लहान मुलाचं शरीर घेतं. गरोदर बाईच्या शरीरातलं शिसं पोटातल्या बाळापर्यंत पोहोचतं.

म्हणून ओतायचंच ठरवलं असेल, तर असं करा.

जागा घरापासून लांब, उघड्यावर आणि वाऱ्याकडे पाठ करून बसता येईल अशी. पडवी नको, गोठा नको, परसातल्या भाजीजवळ तर नकोच. कढई लोखंडाची, जड बुडाची आणि फक्त याच कामाची. ती कितीही घासली तरी पुन्हा स्वयंपाकात घ्यायची नाही. अंगात पूर्ण बाह्यांचा सुती शर्ट आणि लांब पँट, पायांत बंद बूट, हातांत चामड्याचे मोजे, डोळ्यांवर चश्मा. तोंडाला रुमाल बांधून भागत नाही, धातूच्या धुरासाठी मिळतो तो मास्क घ्या. पान, तंबाखू, विडी, चहा, सगळं काम आटोपून आंघोळ होईपर्यंत बंद.

आच मोजायला साधन नसेल तर शिशाकडे नीट पाहा. मळी बाजूला सारल्यावर खालचं शिसं आरशासारखं पांढरं चकाकलं पाहिजे. त्यावर सोनेरी, निळे, जांभळे रंग फिरू लागले की ते गरजेपेक्षा जास्त तापलं आहे, लाकूड मागे ओढा. जास्त आचेने गोळ्या चांगल्या होत नाहीत, फक्त मळी आणि धूर वाढतो. साच्याला आतून दिव्याची काजळी धरली की गोळी चिकटत नाही. भोकासाठी घातलेली तारही तशीच काजळून घ्या.

माल कुठला घेता याला फार महत्त्व आहे. जुन्या गोळ्या किंवा जुना शिशाचा पत्रा चालतो. गाडीच्या चाकाला लावतात त्या वजनांत आता जस्ताचीही येतात. जस्त 420 अंशांच्या आसपास वितळतं, ते शिशात मिसळलं की गोळी धड भरत नाही. आणि बॅटरी कधीही फोडू नका. तिच्या पट्ट्यांवर आम्लात भिजलेला शिशाचा लगदा असतो, तिच्यातल्या अँटिमनी-आर्सेनिकमुळे विषारी वायू होऊ शकतो. जुनी बॅटरी दुकानदार परत घेतो, नवीच्या किमतीत तिचे पैसेही वळते करतो.

बॅटरीबद्दल इतकं निक्षून सांगतो त्याला कारण आहे. सेनेगल देशात डाकारजवळ थियारोय-सुर-मेर नावाची वस्ती आहे. तिथले लोहार वर्षानुवर्षं जुन्या बॅटऱ्यांमधलं शिसं काढून मासेमारीच्या जाळ्यांची वजनं ओतत. शिशाचा कीस मातीत मिसळत गेला. पुढे शिशाचा भाव चढला, तेव्हा लोकांनी ती माती चाळून शिसं वेचायला सुरुवात केली. 2007च्या अखेरीपासून 2008च्या मार्चपर्यंत तिथली 18 लहान मुलं गेली. जाळ्यांची वजनं ओतणारी, आपल्यासारखीच माणसं होती ती.

काम संपलं की झाडू मारायचा नाही, झाडूने भुकटी उडते. ओल्या फडक्याने पुसायचं आणि ते फडकं टाकून द्यायचं. मळी उकिरड्यावर, परसात किंवा खाडीत टाकू नका, कोंबड्या ती टिपतात. घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, डब्यावर ‘विष’ असं ठळक लिहा आणि घातक कचरा घेणाऱ्यांकडेच द्या. कपडे बाहेरच उतरवा, घरातल्या कपड्यांत न मिसळता वेगळे धुवा. हात साबणाने, नखं ब्रशने, मग डोक्यावरून आंघोळ आणि त्यानंतरच मुलाला जवळ घ्या.

एक सवय मात्र ओतणाऱ्यांनी आणि न ओतणाऱ्यांनीही सोडायला हवी. पाग फेकताना हात मोकळा राहावा म्हणून आपण त्याची शिशाची कड दातांत धरतो. माझ्या वडिलांची पिढी तशीच फेकायची, आणि फेक सुंदर गोल पडायची. गरीच्या दोरीवरची गोळीही दातांनीच दाबून बसवायची. दोन्ही बंद करा. जाळं कोपरावर घेऊन फेकायची पद्धत आहे, ती शिकायला थोडे दिवस लागतील, इतकंच. गोळी दाबायला पक्कड घ्या.

शेवटचं सांगणं. घरात सहा वर्षांखालचं मूल असेल किंवा कुणी गरोदर असेल, तर शिसं ओतू नका. जाळ्यांच्या दुकानात तयार गोळ्या मिळतात, कडेला बारीक लोखंडी साखळी लावूनही पाग चालतो. ज्यांच्या घरी हे काम आधीपासून चालू आहे, त्यांनी मुलांच्या रक्तातलं शिसं एकदा तपासून घ्यावं. डॉक्टर विचारतील याची वाट पाहू नका. आमच्याकडे शिशाचं काम चालतं, हे आपण होऊन सांगा.