झगा, झबले आणि दोन बोटे माया



जून महिन्यात प्रार्थनेच्या वेळी आम्ही गणवेशाविषयी एक सूचना दिली होती. "गणवेश मापाचा असावा, ढगळ कपडे चालणार नाहीत," असे आमचे शब्द होते. सूचना साधीच होती. पण मुले हसली आणि पाचवीच्या रांगेतील एका मुलीकडे वळून पाहू लागली. तिचा झगा गुडघ्याच्या बराच खाली आला होता आणि बाह्या कोपराच्या पुढे गेल्या होत्या. दुसऱ्या दिवसापासून ती शाळेत आली नाही.

चौथ्या दिवशी तिची आजी आली. निपाणी भागात विड्या वळून घर चालविणारी ती माउली. ऑफिसच्या दारातच उभी राहून म्हणाली, "सर, नातीचा झगा ढगळ न्हाई. वाढत्या अंगाचा हाय. दोन वरसं जायाला पायजे त्यो."

आम्ही गप्प झालो. कपडा एकच, पण त्याला दोन शब्द. आमच्या शब्दात हसे होते, आजीच्या शब्दात हिशेब होता आणि काळजीही. दुसऱ्या दिवशी प्रार्थनेतच आम्ही आमची सूचना मागे घेतली. मुलगी पुन्हा येऊ लागली. आमच्या मनात मात्र प्रश्न राहिला, की सैल कपड्यांसाठी आपल्या भाषेत किती शब्द आहेत आणि ते आपण जपून वापरतो का? म्हणून हा पाठ.

घरातले शब्द

बाळ जन्मले की त्याला प्रथम मिळते ते झबले. सैल, मऊ, पाठीमागे बंद असलेले. त्याच्या जोडीला अंगडे-टोपडे आणि थंडीवाऱ्यासाठी डोके व पाठ झाकणारी कुंची. मुलगी चालू लागली की झगा, म्हणजे आताचा फ्रॉक. आणखी मोठी झाली की परकर-पोलके. पुरुषांसाठी सदरा, पैरण, झब्बा, आणि जुन्या काळी अंगरखा व बंदांनी बांधायची बाराबंदी. घरकाम करताना बायका घालतात ती मॅक्सी किंवा गाऊन.

आपला भाग दोन भाषांचा आहे. त्यामुळे दुकानात गेल्यावर हेच कपडे दुसऱ्या नावाने भेटतात. मराठीत झब्बा, कन्नडमध्ये जुब्बा. मराठीत परकर, कन्नडमध्ये लंगा. कन्नडमध्ये शर्टला अंगी म्हणतात, आणि आपल्या खेड्यांतून मराठी माणसेही "अंगी घाल" असेच म्हणतात. यात चूक काही नाही. अंगडे, अंगी, अंगरखा हे सगळे शब्द 'अंग' या एकाच शब्दाच्या घरचे. शिवणारा मराठीत शिंपी, तर कन्नडमध्ये सिंपिग. हे शब्द शेजारी राहणारे आहेत, भांडणारे नव्हेत.

शब्दांचा प्रवास

आमचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. कॉलेजात नरोत्तमदासांचे 'सुदामाचरित' वाचले, तेव्हा त्यात 'झगा' हा शब्द भेटला. तेथे झगा घालणारी लहान मुलगी नाही. द्वारकेच्या दाराशी उभ्या असलेल्या गरीब सुदाम्याच्या अंगात झगा नाही, असे ते वर्णन आहे. म्हणजे तेथे झगा हा मोठ्या पुरुषाचा अंगात घालायचा कपडा. तोच शब्द आपल्याकडे मुलीच्या फ्रॉकला लागला. मराठी बायबलातील योसेफाचा 'पायघोळ झगा' मात्र आजही पुरुषाचाच आहे.

गंमत अशी की 'फ्रॉक' या शब्दानेही हीच वाट चालली. युरोपात फ्रॉक म्हणजे मठातील साधूंचा लांब, सैल अंगरखा. तो शब्द पुढे मुलींच्या आणि बायकांच्या कपड्याला लागला. 'गाऊन'चे मूळ लॅटिनमध्ये असून तेथे तो केसाळ कातड्याचा उबदार कपडा होता. आज पदवीदान समारंभात, कोर्टात आणि स्वयंपाकघरातही गाऊन असतो. 'झब्बा' आणि 'जुब्बा' यांचे मूळ अरबी 'जुब्बा'. तोच अरबी शब्द इटलीमार्गे फ्रान्सला गेला आणि तेथे 'ज्यूप' झाला. तेथे त्याचा अर्थ बायकांचा घागरा! 'मॅक्सी' हा लॅटिनमधील 'सर्वांत मोठा' या अर्थाच्या शब्दावरून आला. १९६० नंतरच्या दशकात तोकड्या मिनीच्या विरुद्ध पायापर्यंतचा मॅक्सी आला. तिकडे ती बाहेर जाण्याची फॅशन होती, आपल्याकडे ती घरात रुळली.

यावरून काय दिसते? शिवण बदलते, घालणारा बदलतो, पण शब्द टिकून राहतो. म्हणून घरातील जुना शब्द 'गावंढळ' म्हणून टाकून देऊ नये. 'झगा' म्हणणारी मुलगी चुकत नाही. तिच्या तोंडी कित्येक शतकांचा शब्द आहे.

एक सावधानता मात्र बाळगा. "झगामगा मला बघा" या म्हणीतील झगा हा कपडा नव्हे. तो 'झगमग' या शब्दाचा भाऊ आहे.

सैल म्हणजे किती सैल?

मराठीत सैल कपड्याला एकच विशेषण नाही. प्रत्येकाचा भाव वेगळा:

सैल: नुसते वर्णन. ना स्तुती, ना निंदा.
मोकळा: अंगाला सुख देणारा.
घोळदार: कापड मुद्दाम जास्त घालून शिवलेला. येथे कौतुक आहे.
पायघोळ: पायापर्यंत लोळणारा.
ढगळ: मापात चुकलेला. येथे थोडे हसू आहे.
अघळपघळ: अव्यवस्थित. हा शब्द बोलण्यालाही लागतो.
वाढत्या अंगाचा: आज सैल, उद्या बरोबर. येथे उद्याचा विचार आहे.

पूर्वी आम्ही वर्गात हिंदीच्या सवयीने "ढिला सदरा" म्हणालो, तेव्हा एक विद्यार्थी उभा राहून म्हणाला, "सर, स्क्रू ढिला असतो, सदरा सैल असतो." सर्व वर्ग हसला, आम्हीही हसलो. पण ढिला आणि सैल हे भाऊच आहेत. दोघेही संस्कृत 'शिथिल' या शब्दापासून आले, आणि कन्नडमधील 'सडिल' हाही त्यांच्याच घरचा. मूळ एक असले तरी प्रत्येक भाषेने आपापली जागा ठरवून दिली आहे. ती जागा ऐकून ऐकूनच कळते.

माया म्हणजे काय?

त्या मुलीचा झगा आम्ही शिवणकामाच्या बाईंना दाखवला. त्यांनी तो उलटा करून आतील शिवण दाखविली. दोन्ही बाजूंना दोन-दोन बोटे कापड आत दाबलेले होते आणि खाली रुंद मुडप घातलेली होती. मुलगी वाढली की टीप उसवायची, कापड बाहेर काढायचे आणि पुन्हा टीप मारायची. नवा कपडा न घेता झगा आणखी एक वर्ष चालतो. बाई म्हणाल्या, "सर, शिवणीत आत सोडलेल्या या कापडाला आम्ही माया म्हणतो."

इतकी वर्षे शाळेत काढूनही या शब्दाचा हा अर्थ आम्हाला ठाऊक नव्हता. आईची माया आम्ही निबंधात शिकवतो. शिंप्याची माया शिवणीच्या आत असते, वरून दिसत नाही. वरून दिसतो तो फक्त ढगळपणा. आम्हीही तेवढाच पाहिला होता.

यापुढे आमच्या शाळेत गणवेशाच्या सूचनेत 'ढगळ' हा शब्द असणार नाही. 'स्वच्छ व नीट शिवलेला' एवढेच पुरे. वाढत्या अंगाचा गणवेश चालेल. पालकांनी निःसंकोच शिवावा.

स्वाध्याय

१. घरातील आजी-आजोबांना विचारून सैल कपड्यांची पाच जुनी नावे लिहा. तो कपडा कोण व केव्हा घालत असे, तेही लिहा.
२. त्याच कपड्यांना तुमचे कन्नड बोलणारे शेजारी काय म्हणतात? दोन्ही नावे शेजारी शेजारी मांडा.
३. घोळदार, ढगळ, वाढत्या अंगाचा: प्रत्येक शब्दाचे एक वाक्य करा. कोणते वाक्य मैत्रिणीला सांगता येईल आणि कोणते सांगू नये, यावर वर्गात चर्चा करा.
४. आपला एखादा कपडा उलटा करून पाहा. त्यात किती बोटे माया सोडली आहे, आणि ती कोणी सोडली?